वर्गणीदार थोडे, वाचक फार

वैतरणेचा पूल ओलांडून उत्तरेकडे निघालेल्या आगगाडीच्या डाव्या हाताला समुद्राकडचा बागायती मुलूख, ज्याला येथले लोक बंदरपट्टी म्हणतात, आणि उजव्या हाताला डोंगराकडे चढत जाणारी जंगलपट्टी, अशी पालघर तालुक्याची विभागणी रेल्वेने केली नसली तरी ती ठळक मात्र रेल्वेनेच केली. आणि या मुलखात वृत्तपत्र कोणी विकत घेतले, कोणी फुकट वाचले, कोणी नुसते ऐकले आणि कोणाच्या हाती ते केवळ पुडीच्या रूपाने पडले, याचा वृत्तांत लिहावयाचा तर त्याचीही सीमारेषा त्याच रुळांवरून आखावी लागते.

रूळ पडण्यापूर्वीही छापील कागद या किनाऱ्यास अगदीच अपरिचित होता असे नाही. मुंबईत फर्दुनजी मर्झबान यांनी १८२२ साली गुजराती 'मुंबई समाचार' काढला तो व्यापारी लोकांच्या गरजेतून, आणि कोणते गलबत बंदरास लागले, कोणत्या मालाचा भाव काय निघाला, असल्या मजकुरास त्यात मानाचे स्थान होते. हैदराबादेत मोठी पेढी चालवून निजामाच्या सरकारास कर्जे देणारे पारशी मेहेरजी बंधू मूळचे याच किनाऱ्यावरच्या तारापूरचे. अशा सावकार-व्यापारी घराण्यांना वर्तमानपत्र ही दाम मोजून घ्यावयाची उपयुक्त वस्तू वाटावी यात नवल नाही. मराठी वृत्तपत्राची जन्मकथा मात्र निराळी आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले ते देशबांधवांस नव्या विद्येचा परिचय व्हावा आणि लोकहिताच्या प्रश्नांवर विचार करण्याची सवय लागावी म्हणून. एका स्तंभात मराठी व दुसऱ्यात इंग्रजी असा मजकूर देणारे ते पत्र १८४० साली बंद पडले. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. जे पत्र भाव सांगण्यासाठी निघते त्याचा वाचक पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईक असतो; जे पत्र शहाणे करण्यासाठी निघते त्याचा वाचक स्वतःस शिष्य समजतो, क्वचित उपकारकर्ताही समजतो, आणि गुरुदक्षिणा सवडीने दिली तरी चालते अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे.

मुंबई, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग उत्तरेकडून बांधीत आणलेला नोव्हेंबर १८६४ मध्ये मुंबईतील ग्रँट रोडपर्यंत पोहोचला, आणि त्यानंतर दोन वर्षे पुरी होण्यापूर्वी, १८६६ साली, जिल्ह्याच्या ठिकाणी ठाण्यास काशिनाथ विष्णु फडके यांनी 'अरुणोदय' हे साप्ताहिक काढले. पुढे 'सूर्योदय' आणि 'हिंदुपंच' ही पत्रेही ठाण्यातूनच निघाली. आजचा पालघर तालुका त्या काळी माहीम तालुका म्हणून ओळखला जाई, त्याचे ठाणे केळव्याशेजारच्या माहीमला होते, आणि पालघर हे रेल्वेच्या कडेचे एक साधे गाव होते. अशा तालुक्यात साप्ताहिकाचे वर्गणीदार कोण असणार? मामलेदार कचेरीतील एखादा कारकून, शाळेचा हेडमास्तर, वकील, बागाईतदार, इनामदार, आणि ज्याच्या घरी मुंबईहून माणसांची येजा आहे असा एखादा सावकार. यापलीकडे नामावळी फारशी लांबत नसावी. त्या काळच्या साप्ताहिकांतून वर्गणीचे दोन दर छापण्याची वहिवाट होती, अगाऊ भरणाऱ्यास एक आणि मागाहून भरणाऱ्यास त्याहून चढा, आणि या दोन दरांतच वर्गणीदाराच्या स्वभावाचा पुरता पंचनामा येऊन जातो. अंक टपालाने येत राहावा, तो वाचावा, शेजाऱ्यास वाचावयास द्यावा, वर्षअखेरीस संपादकाचे स्मरणपत्र आले म्हणजे तेही वाचावे, आणि पैसे पुढील हंगामावर टाकावे, हा क्रम महाराष्ट्रात सर्वत्र इतका रूढ होता की थकलेल्या वर्गणीदारांस उद्देशून लिहिलेली विनवणी हा एकोणिसाव्या शतकातील मराठी पत्रकारितेचा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच मानावा. त्या लेखनात विनय आहे, उपरोध आहे, कधी कधी वेदान्तही आहे. वसुली किती झाली असेल ती असो.

परंतु या चित्राची दुसरी बाजू अशी की ज्या एका अंकाचे पैसे थकले, तो एक अंक पुष्कळांचा झालेला असे. लिहितावाचता येणारा माणूस गावात विरळा, आणि ज्याला येते त्याने ओट्यावर बसून मोठ्याने वाचावे हा शिष्टाचार. म्हणून १८८१ मध्ये 'केसरी' निघाला आणि त्यातील लेखांची चर्चा खेडोपाडी होऊ लागली, तेव्हा त्या चर्चेत भाग घेणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी 'केसरी' वाचला नव्हता, ऐकला होता. पैसे देतो तो ग्राहक आणि वाचतो तो वाचक, हे दोघे एकच असतात असे आधुनिक जाहिरातदार धरून चालतो. या पट्ट्यात ते दोघे क्वचितच एका देहात नांदले. वाडवळाच्या वाडीत, भंडारी आळीत किंवा मांगेल्यांच्या पाड्यात अंक ज्याच्या नावावर येई तो त्याचा केवळ विश्वस्त असे. अंक आपल्याकडेच ठेवून घेणारा मनुष्य गावात कृपण ठरे, आणि विकत न घेता रोज वाचणारा मनुष्य मात्र जाणकार ठरे, हा न्याय कोणाही अर्थशास्त्र्यास चमत्कारिक वाटेल. पण तो त्या समाजाला मान्य होता, आणि मला तो आजही फारसा गैर वाटत नाही.

विसाव्या शतकात साप्ताहिकांच्या जोडीस दैनिके आली. १९२३ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचा 'नवाकाळ', १९४८ मध्ये 'लोकसत्ता', १९६२ मध्ये 'महाराष्ट्र टाइम्स', ही सर्व मुंबईची पत्रे. आणि मुंबईपासून शंभर किलोमीटरांच्या आतबाहेर असलेल्या पालघर-बोईसरास ती आगगाडीच्या पार्सल डब्यातून यावयाची. मोफसलाकडे जाणारे गठ्ठे गाडीच्या वेळेवर सुटावेत म्हणून डाक आवृत्ती लवकर छापून होई, त्यामुळे रात्री उशिरा घडलेले वृत्त शहरातील वाचकास सकाळी कळे आणि बाहेरगावच्या वाचकास तेच वृत्त दुसऱ्या दिवशीच्या अंकात मिळे, पण किंमत दोघांनाही तीच. या अन्यायाविरुद्ध कोणी फिर्याद केल्याचे ऐकिवात नाही. स्टेशनापासून आत दहा-बारा किलोमीटरांवर असलेल्या चिंचणी-तारापुरास तो गठ्ठा पोहोचेपर्यंत दिवस चांगलाच वर आलेला असे, आणि दुपारच्या जेवणानंतर वाचावयाची वस्तू म्हणूनच पुष्कळ घरांत दैनिक ओळखले जाई.

बातमी छापील कागदापेक्षा वेगाने चालते याचा अनुभव या गावांनी १९४२ मध्ये घेतला. 'चले जाव'च्या ठरावानंतर वृत्तपत्रांवर निर्बंध होते, काही पत्रांनी प्रकाशनच थांबविले होते. तरी सातपाटी, मुरबे, नांदगाव, शिरगाव या किनाऱ्यावरच्या गावांतून माणसे १४ ऑगस्ट रोजी पालघरच्या कचेरीवर चालून आली, गोळीबार झाला, आणि पाच तरुण हुतात्मे झाले. त्या दिवसाचे स्मरण पालघर अजून पाळते. याउलट तीनच वर्षांनी, १९४५ मध्ये, तलासरी-डहाणूच्या जंगलपट्टीत गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, तो मुंबईच्या पत्रांतून गाजला. परंतु ज्यांच्याविषयी स्तंभच्या स्तंभ छापले जात होते त्यांना ते वाचता येत नव्हते, आणि जमीनदारांच्या घरी येणाऱ्या अंकांतून त्यांच्या संघर्षाचे जे रूप रंगविले जाई त्यावर हरकत घेण्याचा मार्गही त्यांना नव्हता. रुळांच्या पूर्वेकडील माणूस वृत्तपत्राचा विषय झाला, वाचक व्हावयास त्याला आणखी एक पिढी लागली. या एका गोष्टीपुढे वाचकांच्या आवडीनिवडीच्या सर्व चर्चा मला थोड्या थिट्या वाटतात.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आचार्य अत्र्यांचा 'मराठा' १९५६ च्या नोव्हेंबरात निघाला, आणि हा तालुका सरहद्दीजवळचा असल्यामुळे त्या पत्रातील नकाशे व गावांच्या याद्या येथे विशेष आस्थेने पाहिल्या गेल्या असल्यास आश्चर्य नाही. १ मे १९६० रोजी राज्य झाले तेव्हा उंबरगाव तालुक्याचा बहुतेक भाग गुजरातेत गेला. ज्या बाजारपेठेत मराठी आणि गुजराती पत्रे एकाच फळीवर टांगलेली असत, तेथे कोणते पत्र हातात धरावे याला त्या चार वर्षांत निराळाच अर्थ आला होता.

आता एका खटल्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण वृत्तपत्राच्या वाचकाला ग्राहक या नात्याने काही हक्क आहे काय, हा प्रश्न स्पष्ट शब्दांत न्यायासनासमोर गेला तो एका मराठी पत्रामुळे. १९५६ च्या कायद्याने आणि त्याखाली १९६० मध्ये काढलेल्या हुकुमाने केंद्र सरकारने दैनिकाची किंमत आणि त्याची पाने यांची सांगड घालून दिली: इतक्या किमतीस आठवड्यात इतकीच पाने, अधिक पाने द्यावयाची असतील तर किंमत चढविली पाहिजे. धनाढ्य पत्रांनी स्वस्तात जाड अंक देऊन दुबळ्या पत्रांस बुडवू नये, असा या योजनेचा सांगितलेला हेतू होता, आणि तो सर्वस्वी खोटा होता असे म्हणवत नाही. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ मध्ये पुण्यास काढलेले 'सकाळ' तेव्हा सात नव्या पैशांना मिळत असे. हुकुमाप्रमाणे त्याने एक तर पाने तरी घटवावयाची, नाही तर मोल तरी वाढवावयाचे. परुळेकर सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि त्यांच्या अर्जाच्या जोडीने आणखी दोन अर्ज दाखल झाले, ते 'सकाळ'च्या दोन वाचकांचे. १९६१ मध्ये न्यायालयाने ती बंधने घटनाविरोधी ठरवून रद्द केली. किंमत वाढली म्हणजे खप घटतो, आणि खप घटणे म्हणजे विचार अधिक लोकांपर्यंत पोहोचविण्याच्या स्वातंत्र्यावरच घाला, अशी त्या निकालाची विचारसरणी होती.

एखाद-दुसऱ्या नव्या पैशाने वाचक पत्र सोडतो, हे मराठी वाचकाच्या काटकसरीचे सत्य त्या दिवशी राज्यघटनेच्या विवरणात जाऊन बसले. खुद्द वाचकांनी मात्र या विजयाची फारशी दखल घेतली असे दिसत नाही. आपल्याला कमी पैशांत जाड अंक मिळण्याचा मूलभूत अधिकार आहे असे त्यांनी मनोमन पूर्वीच गृहीत धरले होते. आणि अंकाच्या छपाईचा खर्च त्यांच्या पैशांतून निघत नाही, तो जाहिरातदार भागवितो, ही गोष्ट कानावर येऊनही मनावर न घेण्याची कला तर त्यांनी आजवर जतन केली आहे.

याच दशकात बोईसरचे रूप पालटले. तारापूरच्या अणुविद्युत केंद्राने ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू केली, त्यातील अभियंते, तंत्रज्ञ आणि त्यांची कुटुंबे यांच्यासाठी वसाहत उभी राहिली, मागोमाग औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर औद्योगिक वसाहत वाढली, आणि ज्या स्टेशनावर मराठी व गुजराती या दोनच भाषा शोभत होत्या तेथे हिंदी, इंग्रजी, मल्याळी, तमिळ पत्रांची मागणी होऊ लागली. येथे प्रथमच असा वाचकवर्ग आला की ज्याचा पगार महिन्याच्या ठरल्या तारखेस होई आणि जो पेपरवाल्याचे बिलही त्याच सुमारास चुकते करी. पेपर लावणे ही सुस्थित घराची खूण झाली. शेजारणीकडे अंक मागावयास मुलास पाठविण्याची पद्धत वसाहतीच्या जिन्यांवरून हळूहळू नाहीशी झाली, आणि ओट्यावरचा सार्वजनिक वाचक चार भिंतींच्या आड गेला. विक्रेत्यास हा काळ सुखाचा. त्याच्या लाईनीत घरे वाढली, उधारी घटली.

सामायिक वाचनाची जुनी रीत त्यानंतर टिकली ती आगगाडीत. सुरतेहून पहाटे निघून मुंबईकडे धावणाऱ्या फ्लाइंग राणीच्या डब्यांत, आणि १९७९ पासून २०२३ पर्यंत तिला जोडलेल्या दुमजली डब्यांत, बोईसर-पालघरच्या पासधारकांचे जे मेळे जमत, त्यांत चार-सहा जणांमागे एक दैनिक ही सर्वसाधारण वाटणी असे. अंकाचे ताव सुटे होत, खेळाचे पान एकाकडे, शेअरबाजार दुसऱ्याकडे, शब्दकोडे ज्याच्या खिशात पेन त्याच्याकडे. अग्रलेखाचे पान सर्वांच्या शेवटी, बहुधा विरारनंतर, एखाद्या निवृत्तीला आलेल्या गृहस्थाच्या मांडीवर विसावलेले दिसे. अग्रलेख लिहिणाऱ्यांनी हा प्रवास एकदा तरी करावयास हवा होता. १६ एप्रिल २०१३ पासून विरारच्या पुढे डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या धावू लागल्या, तेव्हा गाड्यांची संख्या वाढली खरी, पण दाटीवाटीच्या त्या डब्यात पूर्ण ताव उलगडण्यास लागणारी जागा उरली नाही; आणि २०१६ नंतर भ्रमणध्वनीवरील इंटरनेट स्वस्त झाल्यावर त्या जागेची गरजही उरली नाही.

वाचकाने वृत्तपत्र कशासाठी घेतले, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर संपादकांस नेहमीच अप्रिय वाटले असावे. १९६९ मध्ये महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाल्यावर निकालाच्या दिवशी खपणारा अंक वेगळा, शालान्त परीक्षेच्या निकालाचा वेगळा, 'पाहिजेत'च्या छोट्या जाहिरातींचा वेगळा. मधली काही वर्षे तर अशी गेली की कूपने कापून तक्त्यावर चिकटवावीत आणि तक्ता पुरा झाला म्हणजे बादली, पिशवी वा काचेचे भांडे घेऊन यावे, या योजनांमुळे एकाच घरात दोन-दोन दैनिके येत आणि एकही वाचले जात नसे. बिंदुमाधव जोशी यांनी रोवलेली ग्राहक चळवळ आणि १९७५ च्या गुढीपाडव्याला स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत यांनी तांदूळ, तेल, साबण यांच्या वजनाविषयी व शुद्धतेविषयी महाराष्ट्राला जागे केले. परंतु ज्या कागदावर ती जागृतीची वार्ता छापून येई त्या कागदातील भेसळीविषयी, म्हणजे पैसे घेऊन बातमीच्या वेषात छापलेल्या जाहिरातींविषयी, त्याच चोखंदळ ग्राहकाने क्वचितच विचारणा केली.

रद्दीच्या बाबतीत मात्र तो कधी गाफील राहिला नाही. महिन्याचे बिल वजा रद्दीचे उत्पन्न, हा हिशेब प्रत्येक गृहिणीस मुखोद्गत असे, आणि जाड अंकाची खरी शिफारस तिच्याकडे त्याच कारणाने होई. रद्दीवाल्याचा काटा, दोरीने बांधलेला गठ्ठा, तेथून वाण्याचे दुकान, वड्याची गाडी, चिकूच्या पेटीचे अस्तर, असा अंकाचा परलोकप्रवास ठरलेला होता, आणि जंगलपट्टीतल्या पुष्कळ घरांत वृत्तपत्राचा प्रथम प्रवेश झाला तो याच मार्गाने, मिठा-मिरचीच्या पुडीवरून. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ च्या डिसेंबरात छपाईच्या शाईपासून होणाऱ्या अपायाचा इशारा दिला आणि २०१८ च्या नियमांनी खाद्यपदार्थ वृत्तपत्रात बांधण्यास मनाई केली. वड्याच्या गाड्यांनी या मनाईची वार्ता वाचली असेल तर ती बहुधा वडा बांधतानाच.

२०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदी चालू असता १८ तारखेस राज्य सरकारने घरोघर वृत्तपत्र टाकण्यास बंदी केली, आणि टीका झाल्यावर ती काही दिवसांतच सैल केली. त्या हुकुमाच्या दोनच दिवस आधी, १६ तारखेच्या रात्री, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे, चोर आणि मुले पळविणारे फिरत असल्याच्या अफवांनी पेटलेल्या जमावाने दोन साधू व त्यांच्या वाहनाचा चालक यांना ठार मारले. अंक येत असते तर तो प्रसंग टळला असता असे म्हणण्यास मला आधार दिसत नाही. जेथे ही अफवा फिरली तेथे अंक पूर्वीही पोहोचत नव्हते. बंदरपट्टीच्या घरांत मात्र ते काही आठवडे पेपराविना गेले, आणि त्या आठवड्यांत पुष्कळांना असे आढळून आले की सकाळचा चहा पेपराशिवायही घशाखाली उतरतो. विक्रेत्यांच्या लाईनी तेव्हा तुटल्या त्या सगळ्याच पुन्हा जुळल्या नाहीत.

जे वाचक राहिले त्यांत एक वर्ग असा आहे की ज्याची गणना वाचकांच्या पाहणीत कोणी वेगळी करीत नाही, पण या पट्ट्याच्या इतिहासात तो सर्वांत निष्ठावंत ठरेल. १९८४ मध्ये भूसंपादन कायद्यात दुरुस्ती होऊन संपादनाची अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत, आणि त्यांपैकी एक तरी तेथल्या भाषेत, छापणे बंधनकारक झाले. २०१३ च्या नव्या कायद्याने तीच तरतूद कायम ठेवून हरकतीस साठ दिवसांची मुदत दिली. अणुकेंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. मग मालगाड्यांचा समर्पित मार्ग, द्रुतगती महामार्ग, बुलेट ट्रेन. आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरास ज्याची पायाभरणी झाली ते वाढवण बंदर. या काळात खातेदार शेतकऱ्याने जो अंक उघडला तो सरळ आतल्या पानावर, जेथे बारीक टंकात गावाचे नाव, गट नंबर, हेक्टर-आर असे रकाने असतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर लहान पत्रांसही अशा जाहीर नोटिसांचा थोडाफार आधार मिळू लागला, आणि मुंबईच्या दैनिकांनी या भागाकरिता वेगळी पाने काढली. नोटीस ज्या दिवशी छापून आली तो अंक हातून निसटला तर मुदत केव्हा सुरू झाली याचा पुरावा गेला. म्हणून वकिलाने तारीख विचारल्यावर रद्दीच्या दुकानात गठ्ठे उसकटणारा, आणि सापडलेल्या अंकास छापील किमतीहून अधिक पैसे देण्यास कुरकुर न करणारा ग्राहक या तालुक्याने पाहिला आहे. त्या अंकाची घडी सात-बाराच्या उताऱ्यांबरोबर त्याच पिशवीत राहते, आणि ती शेजाऱ्यास वाचावयास देण्यापूर्वी तो दोनदा विचार करतो.